चाळिशीनंतरचा वायरमन

आयटीआयच्या प्रवेशाला वयाची चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात. कमाल वयाची अट मात्र नाही. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन या दोन वर्षांच्या ट्रेडला बेचाळीस वर्षांचा माणूस अर्ज करू शकतो, परीक्षा देऊ शकतो आणि सतरा वर्षांच्या पोराला मिळतं तेच राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठेही ही गोष्ट सांगा, समोरचा आधी विश्वास ठेवत नाही. मग ठरलेला प्रश्न येतो, "आता या वयात पोरांसोबत बाकावर बसायचं का?"

हा प्रश्न ज्यांना पडावा अशी माणसं जिल्ह्यात थोडी नाहीत. विनाअनुदानित शाळेवर अनुदानाची वाट पाहण्यात उमेदीची वर्षं घालवलेले शिक्षक आहेत. २०२०च्या टाळेबंदीत चाकण-रांजणगावहून गावी आलेले आणि परत न गेलेले कंपनी कामगार आहेत. कापूस-सोयाबीनच्या भावाने मेटाकुटीला आलेले दोन-तीन एकरांचे कोरडवाहू शेतकरी आहेत. यांच्यासाठी विजेचं काम हा चांगला, पोट भरणारा आणि मानाचा धंदा आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त तो पुरता शिकून करायचा धंदा आहे. चाळिशीच्या माणसाला वय फारसं अडवत नाही, अर्धवट शिक्षण अडवतं. आणि विजेच्या कामात अर्धवट शिक्षणाची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी मोजतं.

आधी काम आहे का ते पाहू. परभणीला वीज काही काल आलेली नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. त्याच दशकात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण उभं राहिलं, तिथल्या जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट. पुढे १९७०च्या दशकात शेजारच्या परळीत औष्णिक केंद्र आलं. पण पन्नास वर्षांपूर्वी घरात दोन बल्ब आणि एक पंखा असला की वायरिंग पुरं व्हायचं. आज त्याच माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घरात फ्रिज, कूलर, पाण्याची मोटार, मिक्सर, इन्व्हर्टर आणि आता एसीसुद्धा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी हा सगळा भार जुन्याच तारांवर ओढला जातो. दिव्यांच्या सर्किटला दीड चौरस मिलिमीटरची तार चालते, पॉवरच्या पॉइंटला अडीचची लागते, एसी-गिझरला चारची. हे गणित ज्या घरात पाळलेलं नाही तिथे भिंतीत तार तापत असते आणि कुणाला पत्ता नसतो. नुसतं जुनं वायरिंग बदलायचं म्हटलं तरी जिल्ह्यात वर्षानुवर्षं पुरेल एवढं काम आहे.

त्यात सौर पंपांची भर पडली आहे. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना २०१८ साली आली, केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ साली. पुरवठादार कंपनीवर पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी असते. याचा अर्थ सुरुवातीला बसवलेल्या पंपांची मुदत संपत आली किंवा संपलीही आहे आणि इथून पुढे कंट्रोलर बंद पडला की शेतकरी गावातल्याच माणसाला बोलावणार. घरांच्या छतावर पॅनेल बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. हे काम नेहमीच्या वायरिंगपेक्षा वेगळं आहे. तीन एचपीच्या सौर पंपाला सुमारे तीन हजार वॅटची पॅनेल लागतात, ती एकाला एक जोडली की काहीशे व्होल्टचा डीसी दाब तयार होतो, आणि ऊन आहे तोवर तो दाब राहतो. खटका पाडला तरी खटक्याच्या अलीकडची तार जिवंतच असते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी सहज विझते; डीसीची ठिणगी विझत नाही, ती खेचली जाते आणि जाळते. एसीची सवय असलेला जुना वायरमनही इथे नवशिका असतो. चाळिशीत धंद्यात उतरणाऱ्याने ही बाजू आवर्जून धरावी, कारण इथे अजून कुणीच वीस वर्षं पुढे गेलेलं नाही. आयटीआयनंतर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा साधारण तीन महिन्यांचा 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम करता येतो, तो २०१५पासून चालू आहे.

आता त्या माणसाकडे आधीच काय आहे ते बघा. परभणीचा शेतकरी वयाच्या पंधराव्या वर्षापासून स्टार्टर हाताळतो. शेतीच्या लाईनला आठवडा बदलला की दिवसाची पाळी, मग रात्रीची पाळी. कोणत्या आवाजाला मोटार पाणी टाकते आणि कोणत्या आवाजाला नुसती गुरगुरते, हे त्याला अंधारातही कळतं. त्या गुरगुरण्यामागचं शास्त्र एवढंच की तीनपैकी एक फेज गेला आहे. पाच एचपीची मोटार पूर्ण भारावर प्रत्येक फेजमधून साधारण साडेसात अँपिअर घेते. वायरमन लोक एचपीला दीड अँपिअर असा हिशेब धरतात. चालू असताना एक फेज गेला तर मोटार थांबत नाही, तोच भार उरलेल्या दोन तारांवर ओढते आणि त्यांतला प्रवाह जवळपास पावणेदोन पट होतो. साडेसातचे तेरा. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटारीच्या अँपिअरला लावलेला असेल तर तो थोड्या वेळात मोटार बंद करतो. पण सारखी मोटार बंद पडते म्हणून कुणीतरी तो रिले वाढवून ठेवलेला असतो, आणि सोबत ऑटो स्विच बसवलेला असतो. मग मालक झोपेत असताना रात्रीच्या पाळीत लाईन येते, मोटार आपोआप सुरू होते, एक फेज जातो आणि पहाटेपर्यंत वाइंडिंग जळून जातं. रिवायंडिंगचा खर्च करून आल्यावरही रिले तिथेच ठेवला तर पुढच्या महिन्यात तेच. जो माणूस क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचे अँपिअर मोजेल, रिले जागेवर आणेल आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवेल, त्याला शिवारात दुसरी जाहिरात करावी लागत नाही. वीस वर्षं शेती केलेल्या माणसाला ही दुरुस्ती समजायला एक दुपार पुरते. शहरातल्या आयटीआयच्या पोराला आधी शेत समजून घ्यावं लागतं.

मात्र याच माणसाला काही सवयी मोडाव्या लागतात, आणि ते शिकण्यापेक्षा कठीण आहे. डीपीचा फ्यूज उडाला की काठीने किंवा थेट चढून तार बांधणं ही आपल्याकडे धाडसाची नव्हे, रोजची गोष्ट मानली जाते. एकच फेज उरला असेल तर जमिनीत सळई ठोकून अर्थिंगवर बल्ब लावणं ही युक्ती गावोगाव चालते. त्या सळईला ओल्या जमिनीत कुणाचा पाय लागला तर काय होईल, याचा विचार त्यात नसतो. लाईनमनच्या हाताखाली कुठल्याही नोंदीशिवाय खांबावर चढणाऱ्या पोरांना 'झिरो वायरमन' म्हणतात. ती गेली तर कुठल्याच हजेरीपटावर त्यांचं नाव सापडत नाही. नव्याने शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी एक रेघ मनात ओढून घ्यावी. खांब, डीपी आणि मीटरपर्यंतची तार महावितरणची. मीटरच्या पुढचं घर किंवा शेत ग्राहकाचं. खासगी वायरमनचं काम या रेघेच्या ग्राहकाकडच्या बाजूला आहे. गावकऱ्यांनी कितीही गळ घातली तरी डीपीवर चढायचं नाही. सुरुवातीला लोक नाराज होतात, हे खरं आहे.

देशात दर वर्षी विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून जास्त माणसं मरतात. परभणीच्या उन्हाळ्यात यातला एक मृत्यू कसा होतो, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण वायरमनचं निम्मं शास्त्र त्यात येतं.

मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. घरात लोखंडी पत्र्याचा कूलर. त्यातल्या छोट्या पंपाची तार पाण्यात राहून राहून वरचं आवरण सुटतं आणि फेज पत्र्याला लागतो. प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगचा प्रश्नच मिटला. घरातलं कुणीतरी अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून, कूलर चालू ठेवूनच बादलीने पाणी ओततं. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडून पकड सुटत नाही. पन्नास ते शंभरच्या दरम्यान हृदयाचे ठोके विस्कळीत होऊ शकतात. आणि त्या सर्किटचा सहा अँपिअरचा एमसीबी? त्याला पडायला सहा हजार मिलिअँपिअरहून जास्त लागतात. माणूस जातो आणि एमसीबी जागचा हलत नाही. एमसीबी तारेला जपतो, माणसाला नाही, हे दर दहा घरांतल्या नऊ घरांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माणसाला जपण्यासाठी दोन गोष्टी लागतात, आरसीसीबी आणि अर्थिंग. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत तोलत असतो. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह दुसऱ्या वाटेने, कदाचित माणसातून, जमिनीत गेला, की तो सेकंदाच्या लहानशा भागात लाईन तोडतो. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो उगाच पडतो अशी तक्रार येते. कारण बहुतेक वेळा असं सापडतं की कुठल्यातरी खोलीचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटवरून उसना घेतलेला असतो. अशा वेळी न्यूट्रल शोधून वेगळा करायला अर्धा दिवस जातो आणि आरसीसीबीला बगल देऊन थेट जोडायला पाच मिनिटं. चांगला वायरमन कोण, हे या अर्ध्या दिवसात ठरतं.

अर्थिंगची गोष्ट परभणीत अजून वेगळी आहे, कारण इथली जमीन काळी. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ही माती ओल धरते आणि वीज जमिनीत सहज मुरते. उन्हाळ्यात तीच माती फाटते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती पाइपला सोडून देते. डिसेंबरमध्ये उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात, नेमकं कूलर चालू असताना, नावालाच उरतं. समजा रोध पन्नास ओहमवर गेला. कूलरच्या पत्र्याला फेज लागला तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर जमिनीत जातील. सहाचा एमसीबी पडणार नाही आणि पत्रा जिवंत राहील, तीन पिनांचा प्लग असूनसुद्धा. आपल्याकडे फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॅटचा बल्ब लावून पाहतात, लख्ख पेटला तर अर्थिंग चांगलं म्हणतात. पण त्या बल्बचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. त्यापुढे पन्नास ओहमने उजेडात पडणारा फरक डोळ्याला कळतच नाही. त्यासाठी अर्थ टेस्टरच लावावा लागतो, आणि तो उन्हाळ्यात लावावा लागतो. उपाय जुनेच आहेत. पाइप किमान अडीच मीटर खोल, म्हणजे भेगांच्या खालच्या ओलीत पोहोचेल असा, भोवती कोळसा-मीठ किंवा बाजारात मिळणारं अर्थिंगचं मिश्रण, वर पाणी ओतायला नरसाळं आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी. आणखी एक घातक पद्धत सर्रास दिसते: अर्थिंग खोदायचा खर्च टाळून सॉकेटची अर्थची पिन आतून न्यूट्रललाच जोडून देतात. बाहेरचा न्यूट्रल तुटला की घरातलं प्रत्येक लोखंडी उपकरण एकाच वेळी जिवंत होतं. असं काम दिसलं तर मालक "चालतंय तसं चालू द्या" म्हणाला तरी आधी ते मोकळं करावं.

हे सगळं शिकल्यावर कागद लागतो. देशातल्या विद्युत सुरक्षा नियमांनुसार नवं वायरिंग, भर किंवा बदल यांचं काम अनुज्ञप्ती असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवानाधारक तारतंत्रीने करायचं असतं. बल्ब, पंखा, फ्यूज, खटका बदलण्यासारखी किरकोळ कामं त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्रात तारतंत्री परवाना, मग पर्यवेक्षक, मग ठेकेदार अशी ही शिडी आहे आणि ती शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडे आहे. नव्या जोडणीच्या अर्जासोबत जो टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर ठेकेदाराचीच सही चालते. पुष्कळ हुशार कारागीर आयुष्यभर पहिल्या पायरीच्याही खाली राहतात, काम स्वतः करतात आणि सही दुसऱ्याची घेतात. चाळिशीत येणाऱ्याने असं राहू नये. त्याच्याकडे वर्षं कमी आहेत म्हणूनच शिडी लवकर चढायला हवी, आणि आयटीआयचं प्रमाणपत्र असलं की पहिली पायरी बरीच सोपी होते.

महावितरणच्या नोकरीचा विचार मनातून काढलेला बरा. विद्युत सहायकाच्या भरतीला वयाची अट असते आणि चाळिशी ओलांडलेला माणूस त्यात बहुधा बसत नाही. सरकारी योजनांतही हा धंदा मधेच लटकतो. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी आहेत, वायरमन नाही. ज्यांनी आधीच कुणाच्या हाताखाली काम केलं आहे त्यांना पूर्वकौशल्याचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र मिळू शकतं. अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये पंचेचाळिशीपर्यंतच्या लोकांना महिनाभराचे मोफत वर्गही असतात. पण महिन्याभराचा वर्ग म्हणजे ओळख. त्यावर कुणाच्या घराचं वायरिंग अंगावर घेऊ नये.

डोकं या वयात चालतं का, ही भीती खोटी आहे. राजस्थानातल्या तिलोनिया गावात बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजमध्ये आफ्रिका-आशियातल्या खेड्यांतल्या आज्या येतात. कित्येकींना अक्षरओळख नसते, प्रशिक्षकाची भाषा येत नाही, आणि सहा महिन्यांत त्या रंगांच्या खुणांवरून सौर दिव्यांचं सर्किट जोडायला शिकून जातात. परभणीचा दहावी झालेला माणूस त्यांच्या कितीतरी पुढे आहे. शरीराचं मात्र ऐकावं लागतं. चाळिशी लागली की बोर्डाच्या आतली काळी आणि निळी तार पिवळ्या उजेडात एकसारखी दिसते. चष्मा आणि डोक्याला लावायची बॅटरी ही हत्यारंच समजावी. शिडीवर गुडघे कुरकुरतात. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी कामाआधी काढायची, श्रद्धेची असली तरी.

पैशाची बाजू अशी की दोन वर्षं घर चालवायला दुसरा आधार हवा. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, त्यामुळे नाव घालून घरी बसता येत नाही. नंतर काम बहुधा पॉइंटवर मिळतं, आणि शेतकरी गिऱ्हाईक कापूस विकल्यावर पैसे देतो. मानवतच्या बाजारात कापूस चढेपर्यंतची उधारी सोसण्याची तयारी ठेवावी. मोजमापाच्या मीटरची खरेदी मात्र या उधारीपायी थांबवू नये. पक्कड-टेस्टर सगळ्यांकडे असतात. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि तारेच्या आवरणाचा रोध मोजणारा मेगर ज्याच्याकडे आहे तो अंदाजाने भिंत फोडत नाही. काम झाल्यावर ही रीडिंग कागदावर लिहून तारीख टाकून मालकाला द्यावीत. पुढच्या वर्षी त्याच घरात तुलना करता येते.

प्रवेशात खरी अडचण गुणवत्ता यादीची आहे. शासकीय आयटीआयमध्ये प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. ज्याने १९९०च्या दशकात दहावी केली त्याच्या काळात साठ टक्क्यांना पेढे वाटायचे; आज त्याच यादीत नव्वदीची मुलं असतात, आणि इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत जागा वीस. म्हणून अर्ज भरताना एकाच संस्थेवर न थांबता तालुक्याच्या आयटीआय, खासगी संस्था आणि वायरमन हा ट्रेड हे सगळे पर्याय टाकावेत. वायरमनला स्पर्धा कमी असते आणि दहावी नापास उमेदवारालाही तिथे दार उघडं असतं. दहावीचा निकाल लागण्याच्या सुमारास ऑनलाइन अर्ज सुरू होतात. त्याआधी एप्रिलमध्येच जुनी गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवावा, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते पाहावं. तीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यांत ते बरेचदा जुळत नाही, आणि दुरुस्तीला शाळेत दोन-चार खेपा होतात.